पेंटरकाकांनी काढलेले डोळे

ज्या हातानं पेंटरकाकांनी बँकेचा बोर्ड रंगवला, शाळेचा बोर्ड रंगवला, दवाखान्याच्या भिंतीवर हसरं बाळ काढलं (ते बाळ इतकं गुबगुबीत झालं की बारीक पोरांच्या आया भिंतीकडे बोट दाखवून डॉक्टरांशी भांडायच्या), त्याच हातात ब्रश घेऊन काका त्या सकाळी दूधवाल्याच्या म्हशीच्या मागे उभे होते. मागे म्हणजे अगदी मागे. आणि म्हैस शेपटीनं त्यांचा चष्मा उडवत होती.

"काका, सांभाळून हां," दूधवाला पुढून शिंगं धरून म्हणाला. "ती लाथ मारायच्या आधी सांगत नाही."

"कोण सांगतं?" काका म्हणाले. त्यांना त्यांच्या लग्नाचं आठवलं असावं.

आता चांगला चारचौघांत मान असलेला माणूस म्हशीच्या मागे कसा पोचला, ते सांगायला हवं. गावाची शेवटची गल्ली जिथं संपते तिथं ओढा, आणि ओढ्यापलीकडे राखीव जंगल. मधे कुंपण नाही. गुरं चरत चरत पलीकडे जातात आणि बिबट्या दबत दबत अलीकडे येतो. एक मादी होती, तिचं नाव गावानं ठेवलेलं ठिपकेवाली. वनखात्यानं गावातल्या लोकांचीच एक समिती केली होती, जंगल आणि जनावरं सांभाळायला. काका त्या समितीचे सचिव. सचिव झाले कसे? तर समितीचा बोर्ड रंगवायला गेले होते. अध्यक्षाचं नाव लिहिलं, खजिनदाराचं लिहिलं, सचिवापुढे जागा रिकामी. रेंजर साहेब लांबून बोर्ड बघत म्हणाले, "ते बोडकं दिसतंय हो. तुमचंच लिहून टाका." काकांनी लिहिलं. अक्षर एवढं सुंदर आलं की मग कोणाला पुसावंसं वाटेना.

तर ठिपकेवालीनं आधी एक शेळी नेली, मग एक वासरू, आणि मग नेली काकूंची कालवड. काकू म्हणजे पेंटरकाकांची बायको. कालवडीची आई गेली तेव्हापासून काकूंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्या दिवसापासून काकूंनी ठिपकेवालीचं नाव घेणं सोडलं. "ती" म्हणायच्या. "ती"वरचा जोर ऐकून घरातलं मांजर बाहेर जायचं.

गावाची सभा भरली. काकूंचा धाकटा भाऊ किराणा दुकान चालवतो, म्हणजे काकांचा मेहुणा. तो उभा राहून म्हणाला, "किती दिवस समिती समिती खेळायचं? पुढचं जनावर मारलं की त्या मढ्यातच औषध कालवू. खाईल आणि पडेल. औषध माझ्या दुकानात आहे." औषध म्हणजे विष. पण सभेत माणसं विषाला विष म्हणत नाहीत. माना हलल्या. काकूंची सगळ्यात आधी.

आणि पेंटरकाका उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. म्हणाले, "नाही. असं करायचं नाही. मला पुढच्या सभेपर्यंत वेळ द्या. तोवर एकही जनावर गेलं, तर तुम्ही काय हवं ते करा, मी सचिव म्हणून तोंड उघडणार नाही."

"आणि करणार काय तुम्ही, दाजी?" मेहुणा म्हणाला. "ओढ्यावर बोर्ड लावणार? 'बिबट्यांना प्रवेश नाही'?"

सभा हसली. काकूही हसल्या. काकांना सभेचं काही वाटलं नाही.

खरं कारण काकांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मागे एकदा ते जंगलाच्या हद्दीवरचा दगडी खांब रंगवत होते. एकटेच. अर्धी अक्षरं झाली आणि मान वर केली, तर समोरच्या खडकावर ठिपकेवाली. बसलेली. पळावं तर पाय हलेनात. म्हणून काका रंगवत राहिले. ते रंगवत राहिले आणि ती बघत राहिली. शेवटचं टिंब दिलं, ब्रश पुसला, तेव्हा ती उठली, आळस दिला आणि गेली. आता तुम्हीच सांगा. तालुक्याच्या गावात छपाईचं मशीन आल्यापासून काकांकडे बोर्ड येणं बंद झालेलं. पूर्वी ते शिडीवर चढले की खाली पोरं जमायची. आता कुत्रं थांबत नव्हतं. आणि त्यांचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघणारं या जगात कोण होतं? तर ती. तिला विष घालू द्यायचं?

उपाय मात्र काकांना घरी जाताना वाटेत सुचला. समितीच्या प्रशिक्षणात जंगली जनावरांवर काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई येऊन गेल्या होत्या. त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या की बिबट्या मागून दबा धरून येतो, आणि आपल्याला बघितलं गेलंय असं वाटलं की शिकार सोडतो. म्हणून लांब कुठेतरी लोक गुरांच्या मागच्या बाजूला मोठे डोळे रंगवतात. बाकी सगळे तेव्हा चहाची वाट बघत होते. काकांनी तेवढं एक वाक्य उचललं होतं, कारण त्यात रंग होता.

पहिले डोळे काढले दूधवाल्याच्या म्हशीवर. काकांचा हात अक्षरांचा. त्यांनी गोल काढला तो असा गोल, की परकार लाजेल. आत दुसरा गोल. दूधवाला मागे आला, बघितलं, डोकं खाजवलं.

"काका, हे डोळे आहेत की शून्यं? माझ्या म्हशीला नापास केलीत काय?"

बरं, रंगही चुकला. भिंतीचा होता. संध्याकाळपर्यंत म्हशीनं बाभळीला घासून घासून एक डोळा पुसला आणि दुसरा पार पोटापर्यंत नेला. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी काकांना दवाखान्याच्या दारात उभं करून झापलं. "कातडीला पुरळ आलं म्हणजे? तुम्हाला भिंत आणि म्हैस यात काही फरक दिसतो की नाही?"

"भिंत लाथ मारत नाही," काका म्हणाले. ते खरं होतं, पण डॉक्टरांना आवडलं नाही. तरी माणूस चांगला. मेंढ्यांवर खूण करायला एक लाल रंग असतो, कातडीला न बाधणारा, तो त्यांनी काढून दिला. पण म्हणाले, "आधी वनखात्याची परवानगी आणा. गुरं त्यांच्या हद्दीत चरतात."

काका वनखात्याच्या ऑफिसात गेले. रेंजर साहेब नव्हते. रेंजर साहेब कधीच नसायचे; त्यांची टोपी असायची. टोपीशेजारी क्लार्क.

"राखीव जंगलात बोर्ड न्यायला परवानगी लागते," क्लार्क म्हणाला.

"बोर्ड नाही हो. गाय आहे."

"गायीवर काहीतरी लिहिलंय ना?"

"लिहिलेलं नाही, काढलंय. डोळे."

"म्हणजे चित्र. चित्राचं आमच्याकडे नाही. जनावरांच्या दवाखान्यात जा."

"त्यांनीच इकडे पाठवलं."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "काका, आत्ता तुमच्या गायीवर काही आहे का?"

"नाही."

"मग परवानगी कशाची देऊ? आधी काढा, मग आणा."

"आणि परवानगीशिवाय काढलं म्हणून तुम्ही धरलंत तर?"

"धरणारा मीच आहे," क्लार्क म्हणाला. "आणि मी ऑफिस सोडून कुठे जात नाही." यालाच परवानगी समजून काका परत आले. सरकारी ऑफिसातून यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणाला मिळालं असेल तर त्यानं पुढे यावं.

मग सुरू झाले सल्ले. शेजारचे हेडमास्तर रिटायर झाले होते, पण त्यांच्यातला हेडमास्तर झाला नव्हता. ते सकाळी छडीसारखी छत्री घेऊन यायचे आणि म्हशीच्या मागच्या भागाकडे बोट करून म्हणायचे, "भुवया काढा. भुवईशिवाय धाक नाही. मी तीस वर्षं वर्ग भुवयांवर चालवला." शिंपी म्हणाला, रंगवता कशाला, मी चड्ड्याच शिवून देतो, वर बटणं लावू डोळ्यांची. आणि मेहुण्यानं तर कमाल केली. म्हणाला, "दाजी, एवढी मोकळी जागा वाया घालवताय. खाली माझ्या दुकानाचं नाव टाका." काकांनी रागानं ब्रश डब्यात खुपसला. अपमान म्हशीच्या मागे उभं राहण्याचा नव्हता. तिथं उभं राहूनही जाहिरातवालाच समजलं जाण्याचा होता.

आठवडा गेला. काका रोज शून्यं काढत होते, म्हैस रोज नापास होत होती, आणि काकू रोज जेवताना म्हणत होत्या, "झालं का संशोधन?"

एक दिवस सकाळी कशावरून तरी दोघांचं वाजलं. कशावरून ते महत्त्वाचं नाही, टॉवेलवरून. काकू चुलीपाशी वळून फक्त बघत राहिल्या. एक शब्द नाही. काका तसेच तणतणत ब्रश घेऊन बाहेर पडले, दूधवाल्याच्या गोठ्यात गेले आणि रागाच्या भरात, परकार नाही, माप नाही, असे दोन डोळे काढले. भुवयांसकट. मागे सरकून बघितलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. जमलं होतं! म्हैस चालली की डोळे चालत होते. शेपूट हलली की एक डोळा झाकायचा आणि परत उघडायचा, आणि उघडला की आधीपेक्षा जास्त रागावलेला वाटायचा.

म्हैस गल्लीतून निघाली. पारावर पत्ते खेळणाऱ्या मंडळींनी पत्ते चटकन मांडीखाली घातले. कशाला घातले ते त्यांनाही कळेना. मेहुण्याच्या दुकानासमोरून गेली, तर तो तराजूवरचा अंगठा काढून नीट उभा राहिला. हेडमास्तरांनी छत्री खाली केली. "वा," ते हळूच म्हणाले. "हा धाक."

त्या दिवसापासून सगळ्यांना "तस्सेच" हवे. काका सकाळी चार जनावरं, संध्याकाळी चार अशी रंगवत सुटले. गाय, बैल, रेडा, काही सोडलं नाही. एक मेहुणा तेवढा अडून बसला. "मला नको हातानं काढलेले. मी तालुक्याहून छापून आणतो, चकाचक." आणि खरंच आणले. चिकटवायचे स्टिकर. त्याच मशीनवाल्याकडून. त्याच्या गायीवर दोन निळे, हसरे डोळे चिकटले. काका बघून घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

गोष्ट अशी की, काकांनी काढलेले डोळे कोणाचे आहेत हे सगळ्या गावाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त दोघांना. काकांना, कारण त्यांना वाटत होतं ते बिबट्याला घाबरवणारे डोळे काढताहेत. आणि काकूंना, कारण माणसाला स्वतःचा रागावलेला चेहरा कधी दिसत नाही.

एके दिवशी दूधवाल्याची बायको काकूंना सहज म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे हो आमची म्हैस वाचली. दिवसभर तुम्ही मागे असता ना, काळजीच नाही."

"मी? मी कुठे मागे असते?"

ती बिचारी नुसती म्हशीकडे बघायला लागली. काकूंनीही म्हशीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घरी येऊन आरसा काढला, भिंतीला टेकवला, टॉवेलचा विचार केला आणि आरशात बघितलं.

काका दुपारी आले तर काकू दारातच.

"माझे डोळे," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हशीच्या ढुंगणावर काढलेत?"

"अगं, काहीतरीच काय…" काका म्हणाले, आणि तेवढ्यात गल्लीतून हेडमास्तरांची गाय गेली. काकांनी गायीकडे बघितलं. मग काकूंकडे. मग परत गायीकडे. आणि त्यांचा चेहरा असा पडला की खोटं बोलायची सोयच उरली नाही.

"सगळ्या गुरांवर?"

"तुझ्या भावाची गाय सोडून."

"पुसा."

"तो रंग नुसत्या पाण्यानं निघत नाही गं. घासत बसलं नाही तर केस गळतील तेव्हाच जाईल. आणि सभेपर्यंत मी पुसणारही नाही. शब्द दिलाय."

"शब्द गावाला दिलात. डोळे कोणाचे दिलेत?"

त्या भावाकडे राहायला गेल्या. भावाचं घर त्याच गल्लीत, दुकानाच्या वर. आता गंमत बघा. रुसून गेलेल्या बाईला एवढंच हवं असतं की समोरच्याचं तोंड दिसू नये. इथं रोज सकाळी आणि संध्याकाळी गावची सगळी गुरं खिडकीखालून जायची आणि काकूंकडे काकूच रागानं बघत जायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली. चौथ्या दिवशी बादली, साबण आणि घासायचा ब्रश घेतला आणि गुरांच्या मागे ओढ्यावर निघाल्या.

दूधवाला धावत काकांकडे आला. "काका, काकू गेल्या ओढ्यावर! धुवून काढणार म्हणाल्या सगळी!"

काका चप्पल न घालता पळाले. पळताना त्यांच्या मनात एकच होतं: उद्या सभा आहे, आणि आज डोळे गेले तर उद्या ठिपकेवाली गेली. ओढ्याच्या उतारावर पोचले आणि जागच्या जागी थांबले.

काकू म्हशीच्या मागे वाकून खसाखसा घासत होत्या. गुराखी झाडाखाली झोपलेला. आणि त्यांच्यामागे, गवतात, पोट जमिनीला टेकवून, ठिपकेवाली.

काकांनी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. हवा आली. ज्या माणसानं भरसभेत शब्द दिला त्याच्या घशातून "अगं" एवढंही निघेना.

ठिपकेवाली सरकली. समोर हेडमास्तरांची गाय होती. गायीनं शेपूट बाजूला केली आणि डोळे उघडले. ठिपकेवाली थांबली. डावीकडे वळली. तिकडे शिंप्याचा बैल बघत होता. ती उजवीकडे वळली, तर तिथे मेहुण्याची गाय. तिचा एक निळा डोळा घामानं सुटून लोंबत होता, दुसरा केव्हाच पडलेला. ठिपकेवालीनं अंग चोरलं. मागचे पाय गोळा केले.

तेवढ्यात साबण निसटला म्हणून काकू वळल्या.

त्यांनी बघितलं. ठिपकेवालीला, भावाच्या गायीला, परत ठिपकेवालीला. आणि काकूंच्या चेहऱ्यावर ते आलं. टॉवेलवालं.

"काय गं," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तसाच सपाट. "एक नेलीस, ती पुरली नाही?"

ठिपकेवालीनं काकूंकडे बघितलं. मग म्हशीवरच्या काकूंकडे. गायीवरच्या. बैलावरच्या. चहूकडून एकच बाई रागानं बघत होती. आता कोणालाही काय वाटेल? ती हळूच उठली, शेपूट खाली घातली आणि एकदाही मागे न बघता ओढा ओलांडून गेली. काकूंनी वर तिच्यामागे बादलीही भिरकावली. ती ओढ्यात पडली आणि वाहून गेली; अजून मिळालेली नाही.

मग काकूंना उतारावर उभे असलेले काका दिसले. अनवाणी, तोंड उघडं.

"आणि तुम्ही काय बघताय?" काकू म्हणाल्या, आणि मटकन खालीच बसल्या. काका उतरून शेजारी बसले. समोर दूधवाल्याची म्हैस उभी होती, एक डोळा लख्ख, दुसरा फेसात अर्धा गुलाबी झालेला. डोळा मारल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सभा. मेहुणा तयारीनंच आलेला. "जनावर गेलं नाही, मान्य," तो म्हणाला. "पण ती घाबरली कोणाला? आमच्या ताईला. डोळ्यांना नाही. मग दाजींच्या रंगाचा काय संबंध?"

काकू उभ्या राहिल्या. "डोळे कोणाचे आहेत?"

मेहुणा स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला.

"सांग ना. सगळ्या गावाला माहीत आहे, तुलाच माहीत नाही का? तुझे छापलेले हसरे डोळे बघून ती उडी मारायला बसली होती. मी होते म्हणून तुझी गाय आहे." मग त्या सभेकडे वळल्या. "माझी कालवड गेली. ते मी विसरणार नाही आणि तिला माफही करणार नाही. पण औषध घालायचं नाही. ती मला घाबरते. घरात नाही तर निदान त्या जंगलात तरी मला घाबरणारं कोणीतरी राहू दे."

"घरातही आहे हो," काका पुटपुटले. सभा हसली. या वेळी काकू हसल्या आणि या वेळी काकांना बरं वाटलं. मेहुण्यानं मात्र सगळ्यांदेखत दुकानातलं औषधाचं डबडं आणून समितीपुढे ठेवलं, आणि खाली मान घालून विचारलं, "दाजी, माझ्या गायीचं तेवढं बघाल का?"

संध्याकाळी काका मेहुण्याच्या गायीमागे उभे राहिले. काकूही आल्या. गोठ्यातलं घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसल्या. काकांनी पहिला गोल काढला, आणि ब्रश चालता चालता कसं कोण जाणे, त्या खांबाची आणि खडकाची गोष्ट सांगून टाकली. शेवटच्या टिंबापर्यंत ती कशी बसून होती, ते.

काकू म्हणाल्या, "म्हणजे ती बसली, आणि मी कधी…" आणि तिथंच थांबल्या. "डावी भुवई चुकली तुमची."

"कशी?"

"माझी डावी भुवई वर जाते."

"कधी?"

"तुम्ही काही चुकलात की."

"मग ती कायमच वर असते," काका म्हणाले, आणि भुवई वर नेली.

अंधारून आलं तेव्हा शेवटची रेघ झाली. काकांनी ब्रश पुसला आणि वळून बघितलं. घमेल्यावर काकू तशाच बसून होत्या.